धाकटीचे सहाशे चाळीस सेकंद

चार हजार एकशे बारापैकी चार हजार एकशे नऊ. एवढे मार्क आमच्या घराण्यात आजवर कुणालाही पडलेले नाहीत. मला स्वतःला गणितात पस्तीस होते आणि त्यातलेही तीन मास्तरांच्या दयेचे. पण माझ्या यंत्राला हे मार्क पडले तेव्हा कुणी पाठ थोपटली नाही. उलट पत्र आलं, की उरलेले तीन का गेले याचा खुलासा दोन आठवड्यांच्या आत, रविवारी दुपारी बारापर्यंत करावा, नाहीतर आपलं नाव यादीतून कमी करण्यात येईल.

यंत्र कुठलं आणि यादी कसली हे थोडक्यात सांगतो. थोडक्यात सांगायची मला सवय नाही, पण बायको म्हणते प्रयत्न करायला काय हरकत आहे.

मी रंगाच्या कारखान्यात आहे. डब्यांवर जी लेबलं चिकटवतात ती छापणारा प्रोग्राम मी सांभाळतो. रंग कुठला, किती वाजता कालवला, किती वेळात वापरायचा, हे सगळं त्या लेबलावर येतं. पूर्वी हे काम एका जुन्या यंत्रावर चालायचं. त्यातली ऑपरेटिंग सिस्टीम जगात फक्त एकशे तेवीस माणसं वापरतात. त्यातल्या काहींनी बरीच वर्षं पत्राला उत्तर दिलेलं नाही, तेव्हा आकडा खालीही आला असेल. कारखान्यानं यंत्र बाद केलं, मी ते घरी आणलं आणि बैठकीच्या खोलीत खिडकीखाली मांडलं. घरात त्याला ‘धाकटी’ म्हणतात. थोरली म्हणजे आमची लेक. ती कॉलेजात जाते आणि तिचं म्हणणं असं की घरात लाड फक्त धाकटीचे होतात.

आता यादी. आमचा लेबलांचा प्रोग्राम ज्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलाय, ती भाषा देशोदेशीची माणसं फावल्या वेळात मिळून चालवतात. दर सहा महिन्यांनी तिची नवी आवृत्ती निघते आणि निघण्याआधी प्रत्येक जातीच्या सिस्टीमवर तिची परीक्षा होते. या परीक्षेतल्या प्रश्नांना टेस्ट म्हणायचं. धाकटीच्या जातीची परीक्षा घ्यायची जबाबदारी माझ्याकडे आहे, कारण ती दुसऱ्या कुणी मागितली नाही. भाषेच्या अधिकृत पानावर सिस्टीमांची यादी आहे आणि प्रत्येकीसमोर जबाबदार माणसाचं नाव. शेवटून दुसऱ्या ओळीत माझं नाव आहे. पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

हसू नका. कारखान्यात मला सगळे ‘लेबलवाले’ म्हणतात. बिल्डिंगमध्ये मी ‘थोरलीचे बाबा’. सासरवाडीला ‘आमचे हे’. माझं पूर्ण नाव विजेच्या बिलाखेरीज कुठे छापून येत असेल तर ते या एका यादीत. विजेच्या बिलातून नाव जायची भीती नाही, ते लोक सोडत नाहीत. पण यादीतून गेलं की मी गेलोच.

तर त्या तीन टेस्टा. तिघींचं दुखणं एकच. टेस्ट एक फाईल तयार करते आणि लगेच विचारते, ‘ही फाईल आत्ता जन्मली ना?’ यंत्रानं ‘हो’ म्हणायचं की झालं. धाकटी म्हणत होती, ‘छे, ही तर दहा मिनिटांपूर्वीच जन्मली.’ म्हणजे आई अजून दवाखान्याच्या पायऱ्या चढतेय आणि बाळ घरी रांगतंय. गेल्या परीक्षेत हे नव्हतं. मी काहीच बदललं नव्हतं. ‘मी काहीच बदललं नव्हतं’ हे वाक्य मी पुढच्या पंधरवड्यात इतक्या वेळा म्हटलं, की थोरली मला बघून ते आधीच म्हणायला लागली.

प्रथम रीतसर तक्रार नोंदवायची. त्याचा फॉर्म एकोणीस कलमांचा. आपली तक्रार आधी कुणी केली आहे का ते पाहिलंत का? (पाहिलं. एकशे तेवीस माणसांत कोण करणार?) सूचनापत्र वाचलंत का? (वाचलं म्हणून खूण केली. ही खूण जगात कुणीही खरी करत नाही.) यंत्राचं घड्याळ बरोबर आहे का? (मान वर करून पाहिलं. बरोबर.) सिस्टीमची आवृत्ती सांगा. हे सांगितल्यावर फॉर्मानं विचारलं, ‘आपल्याला दुसरं काही म्हणायचं होतं का?’

फॉर्म भरून कामावर गेलो. परत येतो तर तक्रार बंद! एका स्वयंचलित कारकुनानं, म्हणजे माणूस नव्हे, प्रोग्रामनंच, लिहिलं होतं की ही सिस्टीम आमच्या ओळखीची नसल्यामुळे प्रकरण निकाली काढलं आहे. मी ते पुन्हा उघडलं. त्यानं पुन्हा निकाली काढलं. असं चार वेळा झाल्यावर यादी सांभाळणाऱ्या बाई मध्ये पडल्या. या बाई फार सभ्य. त्यांच्या प्रत्येक पत्राची सुरुवात ‘आपण देत असलेल्या वेळाबद्दल आभारी आहोत’ अशी असते आणि शेवट तारखेनं होतो. मधल्या भागात माणसाचं नाक कापलेलं असतं, पण ते घरी गेल्यावर कळतं.

आमच्या घरी बातमी फुटली ती शेजारच्या पंपवाल्यांमुळे. हे गृहस्थ आयुष्यभर पाण्याचे पंप दुरुस्त करून निवृत्त झालेत आणि जगातल्या कुठल्याही यंत्राकडे पंप म्हणूनच बघतात.

“काय हो, रजा टाकलीत म्हणे?” त्यांनी दारातूनच विचारलं.

“तीन टेस्ट नापास होताहेत.”

“थोरलीच्या?”

“धाकटीच्या.”

“मग बरोबर. थोरली हुशार आहे.” ते आत आले, धाकटीच्या पाठीवर हात ठेवून डोळे मिटले आणि म्हणाले, “थरथरतेय. बैठक पक्की नाही. पंप थरथरला की पाणी मागं येतं.”

“अहो, हिच्यात पाणी नाही.”

“वेळ तरी मागं जातोय ना? तेच ते.”

मी शिकलेला माणूस आहे, मी हसलो. मग दुपारी, पंपवाले घरी गेल्यावर, टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली आणि पुन्हा परीक्षा लावली. परीक्षा सहा तास चालते. सहा तासांनी तीन नापास. पुठ्ठा तसाच ठेवला. टेबल खरंच डुगडुगत होतं.

दुसऱ्या दिवशी पंपवाले पेचकस घेऊन आले. आता त्यांचं म्हणणं पडलं की दोष वायरमध्ये आहे. धाकटीच्या पोटात जागा कमी असल्यामुळे तिच्या फायली मी आतल्या खोलीत थोरलीच्या कॉम्प्युटरवर ठेवतो. त्यासाठी दाराखालून एक वायर गेलेली आहे आणि त्या वायरला घरातलं प्रत्येक माणूस आठवड्यातून एकदा अडखळतं. पंपवाल्यांनी ती वायर बोटानं चाचपली, एका जागी थांबले आणि म्हणाले, “इथं कोंडलंय.” मी होय-नाही म्हणेपर्यंत त्यांनी ती उपटली. आतून थोरलीची किंकाळी आली. ती तिथं परीक्षा देत होती. तिची, खरीखुरी.

वायर परत लावताना पंपवाल्यांच्या कोपराचा धक्का बटणांच्या बोर्डाला लागला आणि घरातली वीज गेली. वीज आली ती फ्रीज सोडून सगळ्यांना आली. फ्रीज दुरुस्त करायला आलेल्या माणसानं धाकटीकडे बघून विचारलं, “हे काय आहे?” मी सांगितलं. त्यानं फ्रीजचं दार लावलं आणि म्हणाला, “माझ्या मेव्हण्याला पण असंच झालं होतं. आता बरा आहे.”

बायको या सगळ्यात शांत होती. ती एकदाच म्हणाली, “तीन गेल्या तर गेल्या. बाकीच्या चार हजार पास आहेत ना? तुम्ही कधी नव्वद टक्के काम केलंय का?”

आणि मग या प्रकरणात शंकासुर शिरला.

शंकासुर हे मी ठेवलेलं नाव. हा त्या भाषेतल्या काळवेळाच्या भागाचा मोठा जाणकार, कुठल्या तरी थंड देशात राहणारा. त्याला जगात सगळ्याच गोष्टीची शंका येते. त्यानं मला लिहिलं, ‘घड्याळ तपासलं आहे का? कृपया पुन्हा पाहा.’ मला थोडा राग आला. पस्तीस मार्क असले तरी घड्याळ बघता येतं हो मला. मी धाकटीच्या पडद्यावरच्या घड्याळाकडे पुन्हा नीट पाहिलं आणि कळवलं, ‘मी स्वतः, समक्ष, दोनदा तपासलं आहे. घड्याळात दोष नाही.’ ‘समक्ष’ या शब्दाला त्यांच्या भाषेत काय म्हणतात ते शोधायला मला अर्धा तास लागला, पण तो घातला.

त्या एका शब्दानं शंकासुराची शंका फिटली. म्हणजे घड्याळाबद्दलची. घड्याळात दोष नाही तर दोष भाषेच्याच मुळाशी असणार, असं त्यानं ठरवलं आणि कामाला लागला. त्यानं माझ्याकडून दोनशे फायलींच्या जन्मवेळा मागवल्या. प्रत्येक फाईल नेमकी सहाशे चाळीस सेकंद आधी जन्मलेली. सहाशे चाळीस! चौसष्ट गुणिले दहा! कॉम्प्युटरच्या जगात चौसष्ट हा आकडा निघाला की ही माणसं खुर्चीतून उठून उभी राहतात. शंकासुरानं अकरा पानांचा लेख लिहिला. त्यात आकृत्या होत्या. दुर्मीळ सिस्टीमांवर काळ हा चौसष्टच्या पटीत घसरतो, असं त्याचं प्रतिपादन होतं. उपाय म्हणून त्यानं भाषेतच दुरुस्ती सुचवली: यापुढे कुठल्याही फाईलची वेळ सहाशे चाळीस सेकंदांपर्यंत चुकली, तर भाषेनं ती बरोबर धरावी. सगळीकडे. सगळ्यांसाठी.

लेखाच्या शेवटी आभार होते. ‘हा मूलभूत दोष ज्यांच्या चिकाटीमुळे उजेडात आला ते,’ आणि पुढे माझं पूर्ण नाव. वडिलांच्या नावासकट.

मी तो लेख छापून घेतला. पंपवाल्यांना दाखवला. ते म्हणाले, “मी तेव्हाच म्हटलं होतं, आतून कोंडलंय.” बिल्डिंगच्या सभेत गळक्या टाकीचा विषय चालू असताना मी सहज, अगदी सहज, काळ घसरण्याचा विषय काढला. लोकांनी आदरानं ऐकलं. टाकी राहून गेली. कारखान्यात साहेबांनी विचारलं, “लेबलवाले, तुमचं नाव बाहेरदेशी छापून आलंय म्हणे?” मी म्हटलं, “हो, एक छोटंसं मूलभूत काम होतं.” ‘छोटंसं’ हा शब्द मी बराच विचार करून घातला होता.

यादीवाल्या बाईंचंही पत्र आलं. शंकासुराची दुरुस्ती नव्या आवृत्तीत घ्यायचं ठरलंय, रविवारी बाराला दार बंद होईल, मग आपल्या तिन्ही टेस्टा पास होतील आणि आपलं नाव यादीत कायम राहील. आपण देत असलेल्या वेळाबद्दल आभारी आहोत.

शनिवारी सकाळी मी धाकटीसमोर चहा घेत बसलो होतो. बारा दिवसांत पहिल्यांदा चहा गरम असताना प्यायलो. थोरलीचा मोबाईल आत चार्जिंगला होता आणि ती बाहेर जायला निघाली होती.

“बाबा, किती वाजले?” चपला शोधता शोधता तिनं विचारलं.

मी धाकटीकडे बघितलं. “नऊ.”

“नऊ दहा दाखवतेय की ती.”

“हो, म्हणजे नऊ.”

थोरली एक चप्पल हातात घेऊन थांबली. “बाबा, ती तर कॉम्प्युटर आहे. तिच्यातून पण दहा वजा करतोस?”

इथं आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. आमच्या घरातली सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढे असतात. लग्न झाल्या वर्षी मी कामावर सलग तीन दिवस उशिरा पोचलो, तेव्हा बायकोनं ही व्यवस्था केली. त्यानंतर मी उशिरा पोचायचा थांबलो नाही, फक्त घड्याळ बघून दहा वजा करायला शिकलो. बावीस वर्षांत डोळ्यांना इतकी सवय झालीय, की वजाबाकी होते हे मलाही कळत नाही. नऊ दहा दिसतात आणि मनात नऊ उमटतात. मी स्वतः, समक्ष, दोनदा तपासलं होतं. दोन्ही वेळा दहा वजा करून.

मी कप खाली ठेवला. “अगं ए,” स्वयंपाकघराच्या दिशेनं मी हाक मारली, “धाकटीच्या घड्याळाला हात लावला होतास का?”

“केव्हाच!” बायको हात पुसत बाहेर आली. “म्हणजे महिना झाला. दहा मिनिटं मागं पडलं होतं ते.”

“मागं नव्हतं पडलं! ते बरोबर होतं!”

“घरातली सगळी घड्याळं एक सांगताहेत आणि ही एकटी वेगळं सांगतेय, मग बरोबर कोण? तुम्ही त्या एकटीकडे बघून आरामात बसायचात आणि मग पळत सुटायचात. लावलं मी स्वयंपाकघरातल्या घड्याळाशी जुळवून.”

“पासवर्ड?”

“तिच्या कपाळावर चिठ्ठी चिकटवलीय ना तुम्हीच.”

मी स्वयंपाकघरात गेलो. भिंतीवरचं घड्याळ थोरलीच्या मोबाईलशी लावून पाहिलं. दहा मिनिटं चाळीस सेकंद पुढे. सहाशे चाळीस. चौसष्ट गुणिले दहा. टेस्ट आपली सुरुवातीची वेळ धाकटीला विचारत होती आणि फाईलच्या जन्माची वेळ टाकत होता आतला थोरलीचा कॉम्प्युटर, ज्याचं घड्याळ खरं होतं. धाकटी मात्र स्वाभिमानी, ती बाहेर कुणाला वेळ विचारत नाही. तिला घरात जे सांगितलं ते तिनं मानलं. माझ्यासारखंच.

मी घड्याळ दुरुस्त केलं आणि त्या तिघीच तेवढ्या पुन्हा चालवल्या. त्याला अर्धं मिनिट लागलं. तिन्ही पास.

आता बघा, कुणालाच काही कळलं नसतं. रविवारी बारापर्यंत गप्प बसायचं, दुरुस्ती भाषेत जाणार, टेस्टा पास, यादीत नाव, लेखात नाव. लोक म्हणाले असते, शंकासुराच्या औषधाला गुण आला. मी तसं पत्रही लिहायला घेतलं. ‘परिस्थिती समाधानकारक आहे’ एवढं एकच वाक्य. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात.

“पाठवलंत?” बायकोनं विचारलं.

“विचार करतोय.”

“एवढं काय त्यात? जगाला दहा मिनिटांची सूट मिळाली तर बिघडलं कुठं? तुम्हाला मी बावीस वर्षं देतेय.”

याच वाक्यानं घोळ केला. कारण बावीस वर्षांच्या सवलतीचं काय झालं ते मला माहीत होतं. आणि मला आमचे डबे दिसायला लागले. आमच्या एका रंगात घट्ट करणारं औषध घातलं की तो पाऊण तासात वापरावा लागतो, नाहीतर डब्यातच दगड होतो. कालवल्याची वेळ माझा प्रोग्राम त्या डब्याच्या फाईलच्या जन्मवेळेवरून घेतो आणि ती चुकली की लेबल छापायचं नाकारतो. उद्यापासून तो दहा मिनिटं चाळीस सेकंद खपवून घेणार. कुठल्या तरी रंगाऱ्याचा ब्रश डब्यात उभा राहणार आणि तो रंगारी लेबलाकडे बघून डोकं खाजवणार. आणि असे डबे जगात कुठे कुठे, कसले कसले असतील, ते कुणाला माहीत? माझ्या बायकोचं स्वयंपाकघरातलं घड्याळ सगळ्यांच्या भिंतीवर लागणार होतं.

मी ते एक वाक्य खोडलं आणि दुसरं पत्र लिहिलं. त्यात सगळं लिहिलं. घरची रीत, वजाबाकी, चिठ्ठी, चाळीस सेकंद. ‘समक्ष’ हा शब्द मागे घेतो असंही लिहिलं. रविवारी सकाळी साडेदहाला पाठवलं. खऱ्या साडेदहाला.

पाऊण तास काहीच आलं नाही. मग शंकासुराचं उत्तर आलं, एका ओळीचं. ‘अकरा पानं मागे घेत आहे.’ त्याच्या खाली थोडी जागा सोडून, ‘तरीही चौसष्ट हा योगायोग मला पटत नाही.’ बाराला पाच कमी असताना दुरुस्ती काढून टाकल्याची नोंद आली. स्वयंचलित कारकुनानं माझं प्रकरण पाचव्यांदा निकाली काढलं आणि या वेळी मी ते उघडलं नाही.

साहेबांना सोमवारी सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे छोटंसंच होतं.” पंपवाल्यांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण थरथर थांबली का?”

नवी आवृत्ती निघाली त्या दिवशी मी धीर करून यादी उघडली. वरून खाली वाचत गेलो, कारण खालून वाचायची हिंमत नव्हती. शेवटून दुसऱ्या ओळीत माझं नाव होतं. पूर्ण. फक्त त्याच्या डोक्यावर एक चांदणी होती. अख्ख्या यादीत दुसऱ्या कुणाला चांदणी नव्हती. मला वाटलं, प्रामाणिकपणाची असेल.

खाली स्क्रोल केलं. पानाच्या तळाशी, तशाच चांदणीपुढे, बारीक अक्षरात, यादीवाल्या बाईंच्या सभ्य भाषेत लिहिलं होतं: ‘या सिस्टीमवर टेस्ट नापास झाल्यास, तक्रार नोंदवण्यापूर्वी घरातील मंडळींना विचारावे.’

मी हे बायकोला वाचून दाखवलं. तिनं चष्मा लावला, पडद्याशी आली, स्वतः वाचलं. मग थोरलीला बोलावून तिच्याकडून अर्थ तपासून घेतला. मग म्हणाली, “छापा.”

तो कागद आता आमच्या फ्रीजवर आहे. माझं नाव त्यात आहे, पण कागद उंच आणि फ्रीजचं दार बुटकं, म्हणून तिनं वरचा भाग मागे दुमडून फक्त खालची ओळ दिसेल असा लावलाय.